नगरहद्दीत आलेली जमीन व तीवरील झाडे

गाव शहराच्या हद्दीत गेले म्हणजे शेतकऱ्याच्या मनात प्रथम जमिनीच्या भावाचा विचार येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. गुंठ्याचा दर काय झाला, रस्ता किती रुंद पडणार, आरक्षण कोणते आले, हे प्रश्न चावडीवर व पारावर रोज ऐकू येतात. परंतु बांधावरचा आंबा, विहिरीवरची चिंच, खळ्याजवळचा कडुलिंब यांचे पुढे काय होणार, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. ज्या वेळी ती होते, त्या वेळी बहुधा कुऱ्हाड चालून गेलेली असते किंवा नोटीस हाती पडलेली असते. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ व २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. इतर शहरांभोवतीही हाच क्रम कमीअधिक वेगाने चालू आहे. म्हणून ज्यांची जमीन आज शहरात नाही पण उद्या जाण्याचा संभव आहे, अशा खातेदारांनी झाडांविषयीचे नागरी नियम अगोदरच समजून घेणे हिताचे आहे.

कायद्याची कलमे पाठ म्हणून दाखविण्याचा येथे हेतू नाही. महसूल खात्यातील नोकरीत झाडांच्या नोंदी व त्यांवरून होणारे तंटे वरचेवर नजरेखालून गेले. त्यावरून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. कायदा झाडाच्या खोडाचे रक्षण करतो, पण मुळांचे रक्षण जमिनीचा नकाशा आखणाऱ्याच्या हाती असते. आणि पहिला नकाशा ज्याच्या सहीने आखला जातो, तो शेतकरीच असतो. ही गोष्ट वाचकांस पटवून द्यावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

गावातील नियम

झाडावर मालकी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात रस्त्याकडेच्या झाडांची व्यवस्था मोठ्या विचाराने केलेली होती. सरकारी खर्चाने लावून वाढविलेले रस्त्याकडेचे झाड सरकारचे; पण त्याचे फळ व छाटणीचे लाकूड ज्याच्या जमिनीत ते उभे असेल त्या खातेदाराचे, आणि झाड वठले किंवा वाऱ्याने पडले तर लाकूडही त्याचेच. छाटणी मात्र कलेक्टराच्या हुकुमाशिवाय करावयाची नाही. मालकी एकाची, उपभोग दुसऱ्याचा व देखरेख तिसऱ्याची अशी ही वाटणी होती, आणि तिच्यामुळे झाड जगविण्यात खातेदाराचेही हित राहत असे.

पुढे १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आला. त्याप्रमाणे खातेदाराच्या जमिनीतील झाडे सामान्यतः खातेदाराचीच होत. परंतु झाड आपले असणे निराळे व ते तोडण्याची मोकळीक असणे निराळे. वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या कायद्यास जे परिशिष्ट जोडलेले आहे, त्यात आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर, चंदन, ऐन, किंजळ, बिजा, हळदू, तिवस, अंजन व खारफुटी अशी सोळा प्रकारची झाडे आहेत. ती खासगी जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. या यादीत कडुलिंब, बाभूळ, वड, पिंपळ ही नावे नाहीत. म्हणून 'यादीतले झाड नाही, तेव्हा तोडण्यास हरकत नाही' असा समज खेड्यात रूढ आहे. हाच समज घेऊन शेतकरी नगरहद्दीत प्रवेश करतो आणि तेथे अडचणीत येतो.

शहरातील नियम

महानगरपालिका व नगरपरिषदा यांच्या क्षेत्रासाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. यात सोळा झाडांची यादी नाही. स्वतःच्या मालकीची जमीन असो वा दुसऱ्याची, नागरी क्षेत्रातील कोणतेही झाड वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवाचून तोडता येत नाही. परवानगीचा अर्ज आला म्हणजे वृक्ष अधिकारी जागेची पाहणी करतो. वृत्तपत्रात जाहीर नोटीस दिली जाते आणि त्या झाडावरही नोटीस लावली जाते, म्हणजे कोणास हरकत घ्यावयाची असल्यास घेता यावी. खेड्यात जो व्यवहार मालक व लाकूडव्यापारी यांच्यात एका संध्याकाळी उरकतो, त्यात शहरात असा सर्व गावाचा संबंध येतो.

दुसरी ध्यानात ठेवण्याची बाब 'तोडणे' या शब्दाच्या अर्थाची आहे. या कायद्यात जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडास इजा करणे, हे सर्व तोडण्यातच येते. बुंध्याशी कचरा पेटविणे, साल काढणे, पायासाठी खणताना मोठी मुळे उडविणे या गोष्टी खेड्यात कोणी गुन्हा समजत नाही. शहरात त्या गुन्ह्याच्या व्याख्येत बसू शकतात. शिक्षेत दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. तेव्हा छाटणी करावयाची असली तरी वृक्ष अधिकाऱ्यास लिहून कळवावे व लेखी उत्तर जपून ठेवावे, हे उत्तम.

प्राधिकरणाची कामे केवळ अडविण्याची नाहीत. दर पाच वर्षांनी हद्दीतील झाडांची गणना करणे, कोणत्या प्रकारच्या जागेत किती व कोणती झाडे असावीत याचे प्रमाण ठरविणे, ही कामे कायद्यानेच त्याजकडे दिली आहेत. एखाद्या जागेत झाडे प्रमाणापेक्षा कमी असली तर अधिक झाडे लावण्याचा हुकूम मालकास किंवा वहिवाटदारास देता येतो. २०२१ सालच्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असा वृक्ष तोडण्याची परवानगी मिळालीच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती जगविण्याची जबाबदारी येते. आजोबांनी लावलेल्या साठ वर्षांच्या आंब्याबद्दल साठ रोपे लावणे व त्यांस वर्षानुवर्षे पाणी घालणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

प्लॉट पाडताना करावयाचा हिशेब

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, झाड ही मग शहरातील जमिनीवरची अडगळच झाली; हद्दीत जाण्यापूर्वीच ती काढून टाकलेली बरी. हा सल्ला पुष्कळ दलाल उघडपणे देतात. तो कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आहेच, पण हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचा आहे. कसा, ते पाहू.

मुंबई शहर व काही अपवाद सोडून राज्यभर लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली मंजूर झाली. तिच्याप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे रेखांकन, ज्यास लोक लेआउट म्हणतात, करावयाचे असेल तर एकंदर क्षेत्राच्या शेकडा १० इतकी जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. ४,००० चौरस मीटर म्हणजे सुमारे साडेएकोणचाळीस गुंठे, अर्थात जवळजवळ एक एकर. ही मोकळी जागा प्लॉटधारकांच्या सामाईक उपयोगाची असते. ती प्लॉट म्हणून विकता येत नाही.

समजा, एखाद्याची जमीन दोन एकर आहे. ती सुमारे ८,०९० चौरस मीटर होते आणि तीत सुमारे ८ गुंठे जागा मोकळी सोडणे भाग आहे. आता जुन्या आंब्याचा विस्तार पाहा. फांद्यांचा घेर १४ मीटर व्यासाचा धरला तरी त्याखालची जमीन सुमारे १५४ चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठा भरते. अशी चार मोठी झाडे जवळजवळ असली तर सहा गुंठे झाले. जी ८ गुंठे जागा कायद्याने सोडावीच लागणार आहे, ती या चार झाडांखालीच सोडली तर मालकाचा एक चौरस फूटही अधिक जात नाही. उलट झाडतोडीचे अर्ज, नोटिसा, बदली रोपे व त्यांची जोपासना हा सर्व खर्च व काळ वाचतो. आणि पहिल्या दिवसापासून सावली असलेल्या वसाहतीतील प्लॉट उघड्या माळावरील प्लॉटापेक्षा लवकर उठतात.

असे असूनही बहुतेक रेखांकनांत मोकळी जागा कोपऱ्यात, उताराच्या किंवा तिरक्या तुकड्यावर दाखविलेली आढळते, आणि झाडे नेमकी प्लॉटांच्या मधोमध येतात. याचे कारण साधे आहे. आर्किटेक्टास जो मोजणीचा नकाशा दिला जातो, त्यावर हद्दी असतात, विहीर असते, पण झाडे दाखविलेली नसतात. कागदावर जे नाही ते त्याने कोठून विचारात घ्यावे? ही उणीव भरून काढणे पूर्णपणे मालकाच्या हाती आहे.

झाडांच्या संख्येविषयीही थोडा हिशेब करण्यासारखा आहे. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत करमणुकीच्या मोकळ्या जागेच्या दर १०० चौरस मीटरला ५ झाडे असे प्रमाण होते. आपल्या बागाइतीतील अनुभव असा की, आंब्याची कलमे जुन्या रीतीने १० मीटर अंतरावर लावली तर एका झाडास १०० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे एकरी चाळीस झाडे बसतात. तेव्हा १०० चौरस मीटरमध्ये पाच झाडे म्हणजे एका झाडास २० चौरस मीटर, साधारण साडेचार मीटर अंतर. एवढ्यात पाचही झाडे वड, चिंच किंवा आंबा या जातीची लावली तर दहाव्या वर्षी ती एकमेकांस दाबू लागतील. म्हणून एक मोठे झाड व चार लहान किंवा मध्यम झाडे असे मिश्रण करावे. संख्या भरते, आणि झाडेही वाढतात. आकडा पुरा करण्यासाठी वीतभर अंतरावर रोपे खोचून त्यांचे छायाचित्र काढणे ही कोणाच्याही उपयोगाची गोष्ट नव्हे.

रस्त्याकडेची पट्टी

प्लॉटची भिंत व रस्त्याचा डांबरी भाग यांच्यामध्ये जी अरुंद पट्टी राहते, तिजविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत. घरमालक तिला आपले अंगण समजतो. तेथे पायरी काढतो, मोटार उभी करतो, फरसबंदी करतो. वस्तुतः रस्ता स्थानिक संस्थेकडे वर्ग झाला म्हणजे ही पट्टीही रस्त्याचाच भाग होते. तीवरील झाड नगराचे, सावली घराची, आणि जमीन खणणारे मात्र नळ, गटार, वीज व तारा घालणारे निरनिराळे लोक. एकाने लावावे, दुसऱ्याने फरसी घालून कोंडावे व तिसऱ्याने मुळे कापावीत, अशी तिची स्थिती होते.

दिल्लीत हा प्रकार इतका वाढला की, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ एप्रिल २०१३ रोजी हुकूम देऊन झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरच्या आतील काँक्रीट काढून टाकण्यास तेथील संस्थांना सांगितले. झाडांवर ठोकलेल्या पाट्या व तारा काढण्याविषयीही त्यात सांगितले होते. पुढे अन्य शहरांतूनही ही 'एक मीटर'ची भाषा चालू झाली. परंतु शेतकऱ्यास हे ठाऊक आहे की, झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे बुंध्याशी नसतात. ती वरच्या दोन फुटांच्या मातीत, फांद्यांच्या घेरापर्यंत व त्याही पलीकडे पसरलेली असतात. म्हणून तर आपण फळझाडास खत देताना आळे बुंध्याशी न करता घेराखाली करतो. तेव्हा एक मीटर ही झाड गुदमरू नये म्हणून राखावयाची कमीत कमी जागा होय. झाडाची भूक तेवढ्याने भागत नाही.

यावर उपाय रस्ता आखतानाच करता येतो. नऊ मीटरचा अंतर्गत रस्ता घेतला व त्यात सहा मीटर डांबरी भाग धरला, तर दोन्ही बाजूंस दीड-दीड मीटर पट्टी उरते. एका बाजूची पट्टी केवळ झाडांसाठी व दुसऱ्या बाजूची नळ, गटार व तारांसाठी, असे प्रथमच ठरवून नकाशावर लिहून ठेवावे. म्हणजे पुढे कोणी खणावयास आला तरी मुळे त्याच्या वाटेत येत नाहीत. झाडांच्या पट्टीतील माती कडेच्या दगडापेक्षा वीतभर खाली ठेवावी व दगडांत दर दोन-तीन मीटरवर फट ठेवावी. रस्त्यावरचे पावसाचे पाणी गटारात वाया न जाता पट्टीत मुरते. बांधास सांड व वाफ्यास दार ठेवणाऱ्यास ही गोष्ट नवी नाही. मात्र बुंध्याशी पाणी साचून राहू नये म्हणून रोपाभोवतीची माती किंचित उंच असावी.

कोणते झाड कोठे लावावे

तारांच्या खाली उंच वाढणारे झाड लावू नये. तेथे पारिजातक, कढीलिंब किंवा जास्वंद पुरे. तारा नसलेल्या अरुंद पट्टीत ताम्हण, बहावा, कांचन, बकुळ ही मध्यम झाडे शोभतात; ताम्हणाचे फूल तर आपल्या राज्याचे पुष्प आहे. पट्टी रुंद असेल तर करंज व कडुलिंब उत्तम; दोन्ही काटक असून थोड्या पाण्यावर निभावतात. वड, पिंपळ, उंबर यांस पट्टीत किंवा घराच्या भिंतीजवळ लावू नये. त्यांची मुळे भिंतीत व नळांत शिरतात आणि मग त्या थोर वृक्षांचा दोष नसता त्यांवर कुऱ्हाड येते. त्यांची जागा मोकळ्या मैदानात.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा व पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा. दोन्ही लवकर वाढतात व लवकर सावली देतात, म्हणून शहरांनी ते फार लावले. पण गुलमोहराचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ. फरसीने कोंडलेला गुलमोहर पावसाळी वाऱ्यात उन्मळून पडतो. सुबाभूळ बियांनी इतकी पसरते की पुढे काढणे कठीण जाते. रहदारीच्या रस्त्यावर आंबा किंवा फणस लावण्याचा मोह आवरावा. पिकले फळ डोक्यावर वा गाडीच्या काचेवर पडले म्हणजे तक्रार झाडाविरुद्धच होते. ही फळझाडे परसात लावावीत.

खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा. प्लॉट पाडताना मुरूम टाकून दाबलेल्या जागी हे विशेष अगत्याचे आहे, कारण त्या दाबलेल्या थरात कोवळे मूळ शिरत नाही. मुरूम काढून त्याजागी पोयटा व कुजलेले शेणखत भरावे. पुरुषभर उंचीचे रोप लावावे, पहिले तीन उन्हाळे नेमाने पाणी द्यावे, आणि खोड जाड होऊ लागताच लोखंडी पिंजरा व बांधलेली दोरी काढावी. पिंजरा खोडात रुतून मेलेली झाडे प्रत्येक शहरात दिसतात. त्यांस पाण्याची उणीव नव्हती, पिंजरा काढणाऱ्या हाताची होती.

जुने झाड कशाने मरते

जुने झाड पुष्कळदा कुऱ्हाडीवाचूनच मरते. जमीन सपाट करताना त्याच्या बुंध्याभोवती दोन-तीन फूट भर टाकली जाते. मुळांस हवा मिळेनाशी होते आणि दोन-तीन वर्षांत शेंडा वाळू लागतो. पायासाठी एका बाजूने चर खणला म्हणजे त्या बाजूचा आधार जातो. वरून झाड हिरवे दिसते, पण एका वादळात ते कापलेल्या बाजूच्या उलट दिशेस कोसळते. मग वृत्तपत्रांत 'झाड पडून अपघात' असे छापून येते व शेजारची धडधाकट झाडेही लोकांस धोकादायक वाटू लागतात. हा दोष झाडाचा नसतो. म्हणून ज्या झाडास राखावयाचे, त्याच्या फांद्यांच्या घेराइतक्या जागेभोवती काम सुरू होण्यापूर्वीच दगडांची हद्द घालावी. त्या हद्दीत भर टाकू नये, खणू नये, सिमेंटची गोणी वा वाळूचा ढीग ठेवू नये, आणि यंत्र फिरवू नये.

शेतकऱ्याने काय करावे

(१) जमीन शहरात जाण्याचा संभव दिसताच पीकपाहणीत झाडांची नोंद करून घ्यावी. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या सोयीने खातेदारास बांधावरील झाडांची नोंद स्वतः करता येऊ लागली आहे. नोंद असली म्हणजे रस्त्यासाठी संपादन झाल्यास २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे झाडांचे मूल्य मागण्यासही बळ येते.

(२) मोजणी झाल्यावर नकाशाच्या एका प्रतीवर प्रत्येक मोठे झाड, त्याची जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर व फांद्यांचा विस्तार लिहावा. आर्किटेक्टास तीच प्रत द्यावी आणि नियमांच्या मर्यादेत मोकळी जागा झाडांखाली धरण्यास सांगावे.

(३) जमीन विकसनास देताना करारनाम्यात कोणती झाडे राखावयाची, झाडाची परवानगी कोणाच्या नावे मागावयाची व बदली झाडे कोणी जगवावयाची, हे स्पष्ट लिहावे. सातबारावर नाव शेतकऱ्याचे असेल तर झाडाविषयीची नोटीस त्याच्याच दारी येते.

(४) झाड खरोखर धोक्याचे झाले असेल तर वाट न पाहता वृक्ष अधिकाऱ्यास लेखी कळवावे, छायाचित्र जोडावे व पोच घ्यावी.

(५) प्लॉटधारकांची संस्था स्थापन झाली म्हणजे मोकळ्या जागेतील झाडांची यादी तिच्या दप्तरी द्यावी. पुढील देखरेख तिची आहे, आणि यादीवाचून देखरेख होत नाही.

यांपैकी एकाही कामास मोठा पैसा लागत नाही. वेळेवर करणे मात्र लागते. रेखांकन एकदा मंजूर झाले की ते बदलून घेण्यासाठी कचेरीत वर्षभर खेटे घालावे लागतात, आणि तोवर जेसीबी यंत्राने आपले काम केलेले असते. म्हणून ज्यांच्या गावाचे नाव हद्दवाढीच्या प्रस्तावात आहे, त्यांनी येत्या सुगीपूर्वी आपल्या शेतात एक फेरी मारून झाडांची यादी तयार करावी, असे शेतकरी बंधूंस आग्रहाने सुचवावेसे वाटते.